शटर अर्धं खाली, दुकान चालू

हौसाबाय कुणाकडे बघायची तेव्हा आधी तिची हनुवटी वर यायची. मग भुवया. मग कपाळावरच्या आठ्या एकीवर एक चढत केसांपर्यंत जायच्या, आणि एवढी सगळी वरात पुढे गेल्यावर, अगदी शेवटी, नाइलाज झाल्यासारख्या पापण्या थोड्या उचलल्या जायच्या. त्या फटीतून ती बघायची. समोरचा माणूस उंच असला की तेवढ्यानं भागायचं नाही. मग ती सरळ बोटानं एक पापणी वर धरायची आणि विचारायची, "कोन रं तू?"

नवीन माणूस दचकायचाच. मी तर नवी नवरी होते.

मी तिच्या दारात पहिल्यांदा उभी राहिले ती एक ट्रंक, एक स्टोव्ह आणि एक नवरा घेऊन. नवरा रबाळ्याच्या कारखान्यात लागला होता आणि त्यानं सानपाडा गावात हौसाबायच्या चाळीत खोली घेतली होती. नवी मुंबई तेव्हा खरोखरच नवी होती. आज आमची सोसायटी आहे तिथे खाजण होतं आणि बगळे उभे असायचे. मी साताऱ्याहून मराठीत बी. ए. होऊन आले होते. लग्नाआधी मला नाकारणाऱ्या एका स्थळानं 'मुलीचे डोळे मात्र छान आहेत' असा निरोप धाडला होता, आणि त्या एका वाक्याच्या आधारावर मी निम्मं आयुष्य काढलं. सकाळी उठून आधी काजळ, मग चहा.

हौसाबाय ओट्यावर बसली होती. हनुवटी वर, डोळे जवळजवळ मिटलेले. मनात म्हटलं, काय ही ऐट! घरमालकीण झाली म्हणून भाडेकरणीकडे नाकाच्या शेंड्यावरून बघायचं? मी ताठ झाले आणि माझ्या त्या छान डोळ्यांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. तिनं बोटानं पापणी उचलली, मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि माझ्या नवऱ्याला म्हणाली, "बायको बरी हाय रं तुजी. पन इतकी डोले वटारून का बघते? भूक लागली काय तिना?"

आत जाऊन ती तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याचं कालवण घेऊन आली. कालवण असं तिखट की माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या आणि काजळ हनुवटीपर्यंत उतरलं. हौसाबायनं परत पापणी उचलून पाहिलं. "आता मानसासारकी दिसतेस," म्हणाली.

मी तिला 'तुम्ही' म्हणायचे. चार दिवस तिनं सोसलं. पाचव्या दिवशी मोरीपाशी मला थांबवून म्हणाली, "तू मना तुमी-तुमी कनाला करतेस गो? माज्या पाठी आजून कोन उभा हाय काय?" मी खरंच तिच्या मागे डोकावून पाहिलं. त्या दिवसापासून ती माझी 'तू' झाली. ती तर सगळ्यांनाच 'तू' म्हणायची. घरभाडं द्यायला येणाऱ्या वकिलाला, शाळेच्या हेडमास्तरांना आणि देवालाही.

तिच्या घराण्यात पापण्या जडच होत्या. तिच्या आईच्या तशा, मावशीच्या तशा. तरुणपणी त्या जडपणाला लोक 'मस्तानी डोळे' म्हणाले असते, पण गावात तेवढा वेळ कुणाला होता? पुढे वय झालं तशी वरची कातडी सैल पडत गेली आणि पापणीवर दुमडून बसली. जमिनी शहरासाठी गेल्या तेव्हा तिच्या नवऱ्यानं घरापुढे रस्त्याला लागून दुकानांचे गाळे काढले होते. किराणावाला, टेलर, पुढे मोबाइल दुरुस्तीवाला, सगळे तिचेच भाडेकरू. कधी बंद पुकारला गेला की हे दुकानदार शटर अर्धं खाली ओढायचे. बाहेरून बघणाऱ्याला बंद, आणि वाकून आत गेलं की साखर, चहा, सगळं मिळतंय. हौसाबायला ही युक्ती भयंकर आवडली होती. कुणी तिच्या डोळ्यांबद्दल विचारलं की ती म्हणायची, "शटर अर्धा खाली हाय. पन दुकान चालू हाय."

दुकान किती चालू होतं ते मला लवकरच कळलं. माझी नणंद आली होती. आम्ही दोघी ओट्याच्या एका टोकाला गहू निवडत बसलो होतो, दुसऱ्या टोकाला हौसाबाय भिंतीला टेकून, मान मागे, डोळे मिटून. मी हलक्या आवाजात नणंदेला सांगत होते, "बाई मनानं चांगली आहे हो, पण भाषा फार अशुद्ध. ण नाही, ळ नाही. 'पानी' काय, 'डोले' काय! आपल्या मुलांच्या कानांवर काय संस्कार होणार?" मूल तेव्हा पोटातही नव्हतं, पण संस्कारांची तयारी झाली होती.

नणंदेनं मान डोलावली. मग मिटलेल्या डोळ्यांतून आवाज आला, "आन 'अशुद्ध' म्हंजे काय गो?"

माझ्या हातातलं सूप निसटलं. गहू ओटाभर. हौसाबायनं जराही न हलता पुढे विचारलं, "शुद्ध पानी कुठं भरतेस तू? आमच्याच नलावर ना?"

ही गोष्ट तिनं पुढे चाळीतल्या प्रत्येकीला सांगितली, आणि दर वेळी त्यात माझा आवाज आधीपेक्षा बारीक होत गेला. माझा मुलगा बोलायला लागला तेव्हा त्याचा पहिला स्पष्ट शब्द 'पानी' होता. मी कपाळाला हात लावला. ती मात्र त्याला मांडीवर घेऊन सगळ्या गल्लीत मिरवून आली.

आता तिच्या खऱ्या कामाबद्दल सांगते. हौसाबाय धवलारीण होती. आगरी लग्नात भटजी येतो तो मुहूर्तापुरता. घाणा भरण्यापासून हळद लावण्यापर्यंत सगळं लग्न धवलारीण गाऊन लावते. तिच्या गाण्याला धवला म्हणतात. धवला सुरू झाल्याशिवाय पाटावर बसलेल्या पोराला हळदीचं बोट लागत नाही. हौसाबायचा आवाज गोड वगैरे नव्हता. खाडीवरून वारा येतो तसा होता, थोडा खारट, पण लांबवर जाणारा. ती गायला लागली की मान मागे जायची, पापण्या पूर्ण खाली यायच्या, आणि बायका एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. "बग, देवी आली." डीजेवाला पोरगासुद्धा आवाज बंद करून हात जोडायचा. मधूनच ती धवल्यात आपल्या पदरचं घालायची. एकदा मी हळदीला अंमळ जास्तच नटून गेले होते, तर देवांची नावं घेता घेता तिनं त्याच सुरात घातलं, "सातारची पाव्हनी आली गं मांडवा, तिचा काजल मावंना डोल्यांत." बायकांनी हसून मांडव डोक्यावर घेतला. आणि ही म्हणे डोळे मिटून गाते!

पण नंतर नंतर तिला खरंच दिसेनासं झालं. दुपारपर्यंत तिचं कपाळ ठणकायचं. ती बाम चोळून फडकं बांधायची. जिना उतरताना भिंतीला हात लावून उतरायची. समोरून येणाऱ्याचे पाय दिसायचे, तोंड दिसायचं नाही, त्यामुळे ती माणसं चपलांवरून ओळखायला लागली. माझ्या नवऱ्यानं नवीन चप्पल घेतली तेव्हा आठवडाभर ती त्याला 'कोन रं तू' करत होती.

मग दिवाळे गावातली ती हळद झाली. तिथल्या एका मासेमारी करणाऱ्या घरचं लग्न होतं. दारात होड्यांचे झेंडे लावलेले, मांडवात खुर्च्या, लाइटी, भलामोठा डीजे. मीही गेले होते. नवरदेव कुणाचा तरी फोन घ्यायला पाटावरून उठला. फोटोवाला, चांगला पोट सुटलेला, दोन लेकरांचा बाप, लाइट कुठे पडतोय ते बघायला म्हणून क्षणभर रिकाम्या पाटावर टेकला आणि साथीदाराला ओरडून सांगू लागला, "डावीकडे घे रे!" तेवढ्यात हौसाबायचा धवला वर चढला. तिला पाट दिसला, पाटावर मांडी दिसली, मांडीवर पांढरा कपडा दिसला. तिनं हळदीत बोट बुडवलं आणि गात गात फोटोवाल्याच्या दोन्ही गालांना, कपाळाला, खांद्यांना अशी सणसणीत पहिली हळद लावली की तो बिचारा कॅमेरा छातीशी धरून पुतळ्यासारखा बसून राहिला. देवीच्या मध्ये कसं बोलायचं?

मांडव आधी गप्प झाला, मग फुटला. हौसाबायनं वेळ मारून नेली. त्याच चालीवर तिनं गायलं की देवानं आज घरच्यांची परीक्षा पाहिली, पाहुण्याला आधी मान दिला. बायकांनी टाळ्या पिटल्या. पण नवरदेवाची मावशी हसली नाही. नवऱ्याची उष्टी हळद नवरीकडे जायची असते, आता काय फोटोवाल्याची उष्टी हळद पाठवायची? नवी हळद कालवावी लागली. फोटोवाल्याची बायको म्हणे पुढे महिनाभर त्याला 'काय नवरदेव, जेवणार का?' म्हणत होती.

गोष्ट अख्ख्या नवी मुंबईत पसरली. हसत हसतच, पण पसरली. हौसाबायला बोलावणी कमी यायला लागली. "हौसाबायला आता बसवत नाय," लोक म्हणायचे. "तिना कनाला तरास?" हौसाबाय फक्त ओट्यावर बसायची, शटर खाली करून.

याच सुमारास तिची नात प्रणाली हिचं लग्न ठरलं. आम्ही तेव्हा रस्ता ओलांडून सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो. मी नुकतीच नोकरीतून निवृत्त झालेली, म्हणजे अगदी तरुण, साठीची. एके सकाळी बेल वाजली. दारात हौसाबाय, बरोबर कुणी नाही. सोफ्यावर बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "उरनवरून धवलारीन बोलवतान ते."

"कोण?"

"माजा पोरगा बालाराम आन सून सुनंदा. माज्याच म्होरं बसून ठरवला. त्यांना वाटला मी झोपले." तिनं पापणी बोटानं उचलून धरली. "मना खुर्ची देनार हाय. पुढच्या रांगेत. शाल आन नारल."

मी तिचा रिकामा पेला उचलला. त्या पोरीच्या बारशाला तिनं पाळणा म्हटला होता. तिच्या आईच्या लग्नाला तिनंच धवला गायला होता. आणि आता नातीच्या हळदीत तिनं पुढच्या रांगेत नारळ मांडीवर घेऊन परक्या बाईचं गाणं ऐकायचं.

"तू डोल्यांच्या डाक्टरकडं जातेस ना?" ती म्हणाली. "मनाबी ने."

मी उगाचच पंखा वाढवायला उठले. कारण मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे कशाला जातेय हे मी नवऱ्यालाही खरं सांगितलं नव्हतं. निरोप समारंभाच्या फोटोंत माझे डोळे, ते ऐतिहासिक डोळे, सुजलेल्या पुऱ्यांसारखे दिसले होते. मैत्रिणीनं सांगितलं की वाशीला एक डॉक्टर मुलगी पापण्यांचं ऑपरेशन करते, सैल कातडी काढून टाकते, माणूस दहा वर्षांनी लहान दिसतो. घरी मी 'मोतीबिंदू तपासून घेते' असं ठोकून दिलं होतं. "तुला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"तुज्या नवऱ्यानं. मोतीबिंदू बोलला. पन मोतीबिंदूला कोन जुना फोटो पिशवीत घालून जातं गो? परवा रिक्षाच्या नाक्यावर बाहेर काढून बघत व्हतीस."

अशी आमची जोडी वाशीला गेली. डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाची. तिनं माझे डोळे दोन मिनिटं पाहिले, फोटो पाहिला, आणि गोड हसून म्हणाली, "काकू, हे वयाला साजेसं आहे. पापण्या नजरेच्या आड येत नाहीयेत. काही करायची गरज नाही. चष्म्याचा नंबर मात्र बदललाय. आणि झोप जरा वाढवा." दहा वर्षं वाचवायला गेले होते, चष्मा घेऊन परत आले.

मग तिनं हौसाबायकडे पाहिलं आणि खुर्ची पुढे ओढून घेतली. "आजी, त्रास कधीपासून आहे?"

"त्रास मना नाय गो पोरी. लोकांना हाय. त्यांना वाटतं मी झोपले."

डॉक्टरनं पट्टीनं पापण्या मोजल्या, फोटो काढले आणि तिला एका यंत्रापुढे बसवलं. त्यात हनुवटी टेकवायची, सरळ समोर बघायचं आणि कडेला कुठेही दिव्याचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. हौसाबाय बसली आणि बटण हातात धरून नुसती बसून राहिली. डॉक्टर म्हणाली, "आजी, दिवा दिसला की दाबा." ती म्हणाली, "लागला तं दाबीन ना! लाइट गेली काय तुमची?" मग डॉक्टरनं पापण्यांची सैल कातडी चिकटपट्टीनं वर ओढून कपाळाला चिकटवली आणि तीच तपासणी पुन्हा केली. या खेपेला बटण थांबेना. टक टक टक. "अगो बाय," आतून आवाज आला, "दिवाली हाय काय इथं?"

पट्टी तशीच लावलेली असताना ती यंत्रापासून वळली आणि तिनं मला पाहिलं. नीट, हनुवटी न उचलता, बोट न लावता, कित्येक वर्षांनी. बराच वेळ बघत राहिली.

"तू म्हातारी झालीस गो," ती म्हणाली. एवढ्या मायेनं मला आजवर कुणी म्हातारी म्हटलेलं नाही.

डॉक्टरनं समजावून सांगितलं की कातडी आणि तिच्याखालचा स्नायू सैल पडून नजरेचा वरचा भाग झाकला गेलाय, आणि दिवसभर कपाळ तो भार वर धरून ठेवतं, म्हणून दुपारी कपाळ दुखतं. "म्हंजे शटर हातानं धरून ठेवलाय इतकी वरसा," हौसाबाय म्हणाली. "मंग हात दुखनारच." परत येताना रिक्षात ती खदखदून हसली. "तू नटायला आलतीस. आन मी दुरुस्तीला."

घरी मात्र कुणी हसलं नाही. बाळाराम म्हणाला, "आये, या वयात डोल्याला सुरी लावाची?" सुनंदा जे बोलली ते जास्त लागलं. ती मोरीत भांडी घासता घासता म्हणाली, "लोक काय बोलतील? हौसाबायची हौस!" गावानं तेच म्हटलं. 'हौसाबायची हौस' हा शब्द गल्लीतून असा फिरला की किराणावाल्यानंही मला विचारलं. हौसाबायनं सुनेला एवढंच सांगितलं, "शटर गंजला तं दुरुस्त करतान. त्याला कोन हौस नाय बोलत." पण त्या संध्याकाळी ती माझ्याकडे येऊन बसली तेव्हा तिचा आवाज खाली होता. "मी नटाला नाय ना जात गो?"

"नटायला मी गेले होते," मी म्हटलं. "मला हाकलून दिलं. तुला घेतायत. म्हणजे तूच ठरव."

ऑपरेशन भूल देऊन, पण जागेपणीच होतं. आधी बसवून पेनानं पापणीवर रेघा आखल्या. आत काय झालं ते डॉक्टरनं नंतर मला हसत सांगितलं. हौसाबायनं विचारलं, "शुभकार्य हाय, गाऊ काय?" आणि होकाराची वाट न बघता धवला सुरू केला. डॉक्टर म्हणाली, "आजी, फार छान, पण गाताना तुमचं कपाळ हलतंय." मग म्हणे तिनं धवला ओठ मिटून घशातल्या घशात म्हटला, आणि त्या चालीवर टाके पडले.

पहिले काही दिवस दोन्ही डोळे वांग्यासारखे जांभळे होते. वाकायचं नाही, उशा लावून उंच झोपायचं, बर्फाच्या घड्या ठेवायच्या. ती काळा गॉगल लावून ओट्यावर बसायची आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगायची, "शूटिंग हाय माजा." टाके निघाले, सूज उतरली. एका सकाळी तिनं आरसा मागितला. बराच वेळ बघून म्हणाली, "ही माजी सासू कवा आली?" मग तिनं मान वळवली. सुनंदा चहाचा कप घेऊन उभी होती. हौसाबाय तिच्या कपाळाकडे, भांगाकडे, कानाजवळ बघत राहिली. "सुनंदे," ती म्हणाली, "तू कवा पिकलीस गो? मना कोनी सांगितलाच नाय." सुनंदा चहा तिथेच ठेवून आत गेली. हसायला गेली की रडायला, ते मी विचारलं नाही. मात्र उरणच्या धवलारणीला त्याच दिवशी फोन गेला की राहू दे.

मला वाटलं, झालं. गोष्ट संपली. पण हौसाबायची गोष्ट इतकी सरळ कुठली?

प्रणालीच्या लग्नाआधी शेजारच्या गल्लीत एक हळद झाली आणि तिथे हौसाबायला मुद्दाम बोलावलं. ती मांडवात उभी राहिली, सताड उघड्या डोळ्यांनी, आणि गायला लागली. आणि तिला सगळं दिसलं. कोण प्लेट दुसऱ्यांदा भरतंय, कोण फोनमध्ये तोंड घालून बसलंय, कुणी कुणाचा हार पाहून तोंड वाकडं केलंय. सगळं धवल्यात आलं! बायका हसल्या, पण सावरून बसल्या. कुणी हात जोडले नाहीत. निघताना एक म्हातारी दुसरीला म्हणाली, "पयल्यासारका नाय वाटत. देवी गेली बहुतेक. सुरी लागली ना." हौसाबायचे कान कधीच अर्धे खाली नव्हते.

ती सरळ माझ्याकडे आली. "इतकी वरसा," ती म्हणाली, "लोक देवी बोलत व्हते. ती माजी लोंबनारी कातडी व्हती काय गो?"

मी सुचेल ते बोलले. "मग हळदीला डोळे मिटून गा की. आवाज तर तोच आहे."

"आदी आपसूक मिटत व्हते." ती खिडकीतून रस्त्याकडे बघत होती, हनुवटी खाली, डोळे पूर्ण उघडे, आणि मला त्या चेहऱ्याची अजून सवय नव्हती. "आता मिटले तं नाटक व्हयल. देवीम्होरं मी नाटक करू? आन नाय मिटले तं पोरीच्या हलदीला बाया हात जोडनार नाय. पोरीचा अपशकुन केला बोलतील." जाताना दारात थांबून म्हणाली, "दिसत नव्हता तवाच बरा व्हता, असा मी बोलनार नाय हां. बोलनार नाय."

प्रणालीच्या हळदीला गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. फोटोवाला तोच होता, बाळारामनं मुद्दाम बोलावलेला. तो पाटापासून चांगला लांब उभा होता आणि त्यानं येताच हौसाबायला हात करून सांगितलं होतं, "आय, मी इकडं हाय! हा बघ, इकडं!" डीजे बंद झाला. प्रणाली पाटावर येऊन बसली, पिवळी साडी, हातात हिरवा चुडा, मान खाली. हौसाबाय हळदीची वाटी घेऊन तिच्यापुढे उभी राहिली. डोळे उघडे. सुनंदा माझ्या शेजारी उभी होती, आणि मागच्या बायकांत कुजबुज सुरू झालेली मला ऐकू येत होती.

तिनं धवला धरला. पहिल्या ओळी सरळ गेल्या. मग प्रणालीनं मान वर केली. आजी आणि नात, मध्ये एक हातभर अंतर. मला उगाच वाटलं, हिनं ही पोर मोठी झालेली पाहिलीच नाहीये. पावलं पाहिलीत, परकराची किनार पाहिलीय, शाळेची चप्पल, कॉलेजचे बूट. तोंड आत्ता कुठे नीट बघतेय. हौसाबाय गाता गाता बघत राहिली, बघत राहिली, आणि आवाज एकदम जाड झाला. डोळे भरले. भरलेले डोळे कुणाचेही मिटतात तसे तिचे मिटले. गालांवरून पाणी उतरलं, मान हळूहळू मागे गेली, आणि आवाज मात्र वर चढला, खाडीवरच्या वाऱ्यासारखा, मांडवावरून, गाळ्यांवरून, रस्त्यापलीकडच्या आमच्या सोसायटीपर्यंत.

मागे कुणीतरी म्हणालं, "आली." बांगड्या वाजल्या. बायकांनी हात जोडले. सुनंदेनं जोडले. मीही जोडले. माझं काजळ पुन्हा हनुवटीपर्यंत उतरलं होतं.

आता हौसाबाय नाही. शांतपणे गेली, तिच्याच ओट्यावर, आणि घरच्यांना बराच वेळ वाटत राहिलं की ती झोपलीय. प्रणालीच्या लग्नानंतर ती कितीतरी मांडवांत गायली, पण मला ती आठवते ती त्या हळदीतली. हात जोडलेल्या त्या सगळ्या गर्दीत मी, सवयीनंच, डोळे मिटले नव्हते. तिनं मिटल्या डोळ्यांनी वाटीत बोट बुडवलं. हात पुढे नेला. आणि नातीच्या गालाला हळद लागायच्या अगदी आधी, सूर जराही न हलवता, तिची डावी पापणी एवढीशी वर गेली. त्या फटीतून तिनं पाट पाहिला, पाटावर कोण बसलंय ते पाहिलं, लांब उभा असलेला फोटोवाला पाहिला, आणि मग, मी बघतेय हेही पाहिलं.

शटर अर्धं खाली होतं. दुकान चालू होतं.